टेंपो कचरा कुठे नेणार?

परवा रविवारी आमच्या पुण्यातल्या सोसायटीची मीटिंग झाली. पार्किंग, लिफ्टची दुरुस्ती, टाकीची सफाई हे नेहमीचे विषय झाले आणि अगदी शेवटी, लोक खुर्च्या सरकवून उठायच्या बेतात असताना, कचऱ्याचा विषय निघाला. रोज दारात येऊन कचरा नेणाऱ्या मावशींना बंद करायचं आणि एका ठेकेदाराचा टेंपो लावायचा, असा प्रस्ताव. ओला-सुका वेगळं करायची कटकट नाही, सगळं एकत्र खालच्या ड्रममध्ये टाकायचं, टेंपो येऊन उचलून नेईल. शिवाय घरटी महिन्याला २० रुपये वाचतील. मावशींचे खाडे फार होतात, अशीही तक्रार झाली. पाच मिनिटांत बहुतेकांनी माना हलवल्या. मी एकच विचारलं, टेंपो हा कचरा कुठे नेणार? कुणालाच माहीत नव्हतं. ‘ते त्यांचं ते बघतील’ असं उत्तर मिळालं. मग माझा आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं आणि विषय पुढच्या रविवारवर ढकलला गेला. तिथे धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. सोसायटीतले बरेच जण ही पोस्ट वाचतील.

मावशी आमच्याकडे ११ वर्षं येत आहेत. मागच्या मे महिन्यात मला सुट्टी होती, तेव्हा एक सकाळ मी खाली त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी गेटच्या बाजूला जुना फ्लेक्स अंथरला आणि आपल्या ४० घरांचा सुका कचरा त्यावर ओतला. पुठ्ठा एकीकडे, रद्दी एकीकडे, वहीचा पांढरा कागद त्याहून वेगळा, कारण त्याला भाव जास्त. दुधाच्या पिशव्यांची वेगळी थप्पी. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून काढायचं आणि बाटली टाचेखाली चेपायची, कारण बाटलीचं प्लास्टिक वेगळं आणि झाकणाचं वेगळं. मला हे पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. वेफर्सची चकचकीत पाकिटं त्या बघतसुद्धा नव्हत्या, सरळ बाजूला. “हे कुणीच घेत नाय ताई.” त्यात प्लास्टिकला चंदेरी थर चिकटवलेला असतो, तो सुटा होत नाही, म्हणून भंगारात त्याला किंमत नाही.

मग एक पुठ्ठ्याचा खोका त्यांच्या हातात आला. त्यावर आमटी सांडली होती. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, एक कोपरा दाबून पाहिला आणि टाकून दिला. “भिजल्यावर दुकानदार घेत नाय.” खोक्यावर कुरिअरचं लेबल होतं आणि त्यावर माझं नाव होतं. मी घरातून खरकटं आणि पुठ्ठा एकाच पिशवीत कोंबला होता. मावशींच्या कमाईचे दोन भाग असतात, घरटी मिळणारे पैसे आणि भंगार विकून येणारे पैसे. त्या दिवशी त्यातले काही रुपये मी माझ्या हाताने खरकट्यात बुडवले होते. त्याच ढिगात गाठ मारलेली एक काळी पिशवी निघाली. ती सोडली तर आत लहान मुलाचे डायपर, न गुंडाळलेली सॅनिटरी पॅड्स आणि त्यातच फुटलेला काचेचा ग्लास. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, एवढंच मावशींसारख्या कचरावेचक बायका कितीतरी वर्षं सांगत आहेत. २०१३ साली त्यांनी वापरलेली पॅड्स गोळा करून थेट ती बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. तुमचा माल आहे, त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारीही घ्या, असं ठणकावून. मला त्या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

पुण्याच्या कचरा गोळा करण्याच्या ज्या पद्धतीचं देशभर नाव घेतलं जातं, ती कुठल्या कार्यालयात बसून कुणी आखलेली नाही. ती या बायकांनी भांडून मिळवली आहे. आधी त्या पहाटे कचराकुंड्यांमध्ये उतरून वेचायच्या. लोक चोर समजायचे, पोलीस हटकायचे. बहुतेक जणी दलित समाजातल्या, कितीतरी कुटुंबं ७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या सोबतीने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या धडपडीतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तीन वर्षांनी महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घ्यायला लागली. कुंडीतून वेचणारी बाई दारात आली, बेल वाजवायला लागली, तिच्या गळ्यात ओळखपत्र आलं. आज त्यात ३ हजारांहून जास्त कचरावेचक आहेत. आणि आपण ते सगळं २० रुपयांसाठी मोडायला निघालो आहोत?

आता माझ्या प्रश्नाकडे परत येते. टेंपो कुठे नेणार?

माझ्या एका मैत्रिणीचं माहेर पुण्याजवळच्या फुरसुंगी गावात आहे. ती लहान असताना त्यांच्या विहिरीचं पाणी घरात प्यायला होतं. पुढे पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडत राहिला, त्याचे डोंगर झाले, त्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरलं आणि विहीर वापरातून गेली. मग टँकर. तिच्या वडिलांनी बागायती सोडली. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथे आग लागली, आसमंत धुराने भरला आणि गावकऱ्यांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ कचऱ्याच्या गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. तेव्हा आपल्याकडे रस्त्यांवर ढीग साचले आणि आपण चिडलो. चिडायचा हक्क खरं तर त्यांचा होता. आपलं शिळं आपल्या हद्दीबाहेर नेऊन दुसऱ्याच्या शेताशेजारी टाकायचं, याला मी सोय म्हणू शकत नाही. एकत्र केलेला कचरा पुन्हा नीट वेगळा करता येत नाही. आमटीत भिजलेला पुठ्ठा परत कोरडा होत नाही, त्याला ढिगाचाच रस्ता.

आणि ढिगात गेलेलं खरकटं नुसतं कुजत नाही. वर थरावर थर पडले की आत हवा पोचत नाही आणि त्यातून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. आगी भडकतात त्याही बऱ्याचदा त्यामुळेच. तेच भाजीचं देठ हवेशीर ड्रममध्ये कोरड्या पानांबरोबर राहिलं तर त्याचं खत होतं आणि मिथेन जवळपास होतच नाही. उन्हाळा किती वाढलाय म्हणून आपण रोज ग्रुपवर कळवळतो. आपल्या हातात असलेलं सगळ्यात सोपं काम स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आहे. खत प्रकल्प केला तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, सौर किंवा पावसाच्या पाण्याची सोय जोडीला असेल तर १० टक्के. खर्चाचाच मुद्दा असेल तर हा हिशोब मांडा ना. मी मांडून देते.

मावशींच्या खाड्यांबद्दल जे बोललं गेलं त्यात तथ्य आहे. गेल्या पावसाळ्यात सलग तीन दिवस कुणी आलं नाही, कचऱ्याला वास सुटला, त्रास झाला. पण आपल्यापैकी एकानेही फोन करून बदली बाई मागितली नाही. मावशी तापाने पडल्या होत्या, हे मला नंतर कळलं. ढकलगाडीचं चाक मोडलंय ते चार महिने झाले, त्यासाठीही कुणी पाठपुरावा केलेला नाही. मावशींना कचरा निवडायला छपराची जागा नाही. भर पावसात त्या गेटच्या कमानीखाली बसतात आणि तिथेही वॉचमनला ‘त्यांना उठव’ म्हणून सांगितलं जातं. आपल्या तळमजल्यावर जिन्यामागची खोली रिकामी पडून आहे, जुन्या गणपतीच्या मखरांनी भरलेली. ती त्यांना द्या.

पुढच्या रविवारी मीटिंग दहा वाजता ठेवली आहे. मावशींनीही यावं आणि बोलावं म्हणून मी त्यांना काल जिन्यात गाठलं. त्या म्हणाल्या, “येते ताई, पण साडेदहापर्यंत माझ्या मागच्या दोन बिल्डिंगा उरकत नाहीत.” सेक्रेटरींना विनंती आहे, मीटिंग अकराला घ्या.