दवाखाना आहे, पण पोचायचं कसं?

आज माय पुन्हा गोळ्या न घेताच परत आली. या महिन्यात तिसऱ्यांदा! बीपी-शुगरच्या गोळ्या आणायच्या, एवढंच काम. पण गाडी येते सकाळी साडेअकराला, तीही फाट्यावर. गावापासून तीन किलोमीटर, सावलीला एक बाभूळ. उतरल्यावर पुढं काळीपिवळी भरेस्तोवर बसायचं. पोचेपर्यंत ओपीडी बंद. "मावशी, उद्या लवकर या." लवकर यायचं कशानं?

प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष काय, तर सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांना. डोकी मोजली. त्यांना तिथवर न्यायला गाडी आहे का, हे कोणी मोजलं? ई-क्लास म्हणजे सरकारी पडीक जमीन जिथं मोकळी दिसली तिथं, वस्तीपासून दूर, इमारत उभी केली. गाडीची वेळ एक साहेब ठरवतो, ओपीडीची दुसरा, आणि दोघं एकमेकांना विचारत नाहीत. राज्यात प्रादेशिक नियोजन आणि नगररचनेचा कायदा १९६६ पासून आहे. रस्ते, वाहतूक, सार्वजनिक सुविधा एकाच योजनेत मांडायची सोय त्यात आहे. मग आमच्या तालुक्यात एवढं साधं का जुळत नाही?

पंचेचाळीस अंशात चालून मायच्या पायांना सूज आली आहे. पाकिटात दोनच गोळ्या उरल्यात. "एका दिवसाआड घेतो ना बाबू," म्हणते.