बेन ग्रिमचं देणं

पहिल्याच अंकात, म्हणजे मुखपृष्ठावर नोव्हेंबर १९६१ छापलेल्या ‘फँटॅस्टिक फोर’ या अमेरिकन कॉमिक्सच्या अंकात, उड्डाणाआधी एक भांडण आहे. बेन ग्रिम हा वैमानिक. तो शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्सला स्पष्ट सांगतो की अवकाशातल्या वैश्विक किरणांचं काय करायचं हे आपल्याला अजून कळलेलं नाही, मी यान उडवणार नाही. तेव्हा रीडची होणारी बायको सू त्याला म्हणते की तू भित्रा निघशील असं मला वाटलं नव्हतं.

भित्रा. एवढ्या एका शब्दावर बेन यानात बसतो.

यान कोसळतं. त्या किरणांमुळे सू अदृश्य व्हायला लागते, रीडचं अंग रबरासारखं ताणतं, सूचा भाऊ जॉनी पेट घेतो आणि बेनच्या अंगाचा खडक होतो. तिघांना मनात येईल तेव्हा पुन्हा माणसासारखं दिसता येतं. ज्याने नको म्हटलं होतं, त्या एकट्यालाच परतीची वाट नाही. त्या पानावर तो झाड उपटून रीडवर धावून जातो आणि मला त्याचा अजिबात राग येत नाही.

या चौघांवर चित्रपट करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे पान भिंतीवर लावावं असं मला फार मनापासून वाटतं. लोक यांना ‘सुपरहिरोंचं कुटुंब’ म्हणतात, पण नात्याने पाहिलं तर सू आणि जॉनी ही सख्खी भावंडं, रीड आणि सूचं लग्न लागलं ते १९६५च्या वार्षिक अंकात, आणि बेन कुणाचा कुणीच नाही. तरी तो त्याच इमारतीत राहतो, त्याच टेबलावर जेवतो, जॉनीशी रोज कचाकचा भांडतो आणि वेळ आली की त्याच पोरासाठी मार खातो. का? कारण रीड आणि सू त्याचं देणं लागतात, आणि ते कधीही फिटणार नाही हे तिघांनाही माहीत आहे. ते जाणून एका छताखाली राहणं, हेच या लोकांचं कुटुंब.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी हे घर उभं केलं तेव्हा मुखवटे ठेवलेच नाहीत. अख्ख्या न्यूयॉर्कला यांचं नाव-गाव माहीत. १९६२च्या नवव्या अंकात तर शेअर बाजारात पैसे बुडाल्यामुळे चौघांचं दिवाळं निघतं आणि पैशांसाठी ते हॉलिवूडच्या एका चित्रपटात काम करायला तयार होतात. तो समुद्राखालच्या राज्याचा राजा नेमोर याचा सापळा निघतो ही पुढची गोष्ट. पण जगाला वाचवणाऱ्या माणसांना सावकारांना तोंड द्यावं लागतं, हे तेव्हाच्या कॉमिक्समध्ये नवीन होतं. बेन जिथे वाढला ती यान्सी स्ट्रीट तर कर्बीने स्वतःच्या लहानपणातून आणली. तो मूळचा जेकब कर्ट्झबर्ग, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब ज्यू वस्तीत वाढलेला, आणि तिथल्या डिलॅन्सी स्ट्रीटवरून हे नाव आलं.

मला बेन भेटला तो फाउंटनच्या फुटपाथवर. जुन्या पुस्तकांच्या ढिगात १९६६च्या एक्कावन्नाव्या अंकाचं पुनर्मुद्रण मिळालं होतं, मुखपृष्ठ गेलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. पहिल्याच पानावर बेन पावसात उभा. पानभर तो एकटाच. खांदे पडलेले, अंगावरून पाणी ओघळतंय. मारामारी नाही, खलनायक नाही. त्या अंकात एक माणूस बेनचं रूप चोरून रीडचा घात करायला येतो. पण रीड दुसऱ्यांसाठी जीव धोक्यात घालतो हे जवळून पाहिल्यावर तोच माणूस रीडला वाचवून स्वतः मरतो. तो अंक मी अजून जपून ठेवलाय.

आता चित्रपटांकडे. रॉजर कॉर्मनने निर्मिती केलेला १९९४चा चित्रपट प्रदर्शितच झाला नाही. जर्मन निर्मात्याच्या हातातले हक्क जाऊ नयेत म्हणून तो घाईने, अगदी तुटपुंज्या पैशांत उरकला होता.

टिम स्टोरीच्या २००५च्या चित्रपटाला लोक नावं ठेवतात, आणि बरीचशी रास्त आहेत. पण त्यातला पुलावरचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. बेनची होणारी बायको त्याला त्या अवस्थेत पाहते, बोटातली अंगठी काढते, जमिनीवर ठेवते आणि निघून जाते. बेन अंगठी उचलायला वाकतो. त्याची खडकाची जाड बोटं तिच्यावर नुसती फिरत राहतात, अंगठी काही चिमटीत येत नाही. शेवटी रीड ती उचलून त्याच्या तळहातावर ठेवतो आणि तुला पूर्ववत करीन असा शब्द देतो. मायकल चिक्लिसने ते जड सोंग अंगावर चढवून डोळ्यांनी जे केलंय त्याला तोड नाही. त्या प्रसंगात सगळं आलं, अपराध आला, मैत्री आली आणि ते देणंही आलं. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या भागात ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसचा नुसता ढग करून टाकला, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

२०१५च्या चित्रपटाचा मात्र मला आजही राग आहे. त्यात सू त्या प्रवासाला जातच नाही, म्हणजे देण्यातला तिचा वाटा आधीच पुसला. अपघातानंतर बेन मदतीसाठी हाका मारत असताना रीड त्याला सरकारी तळावर टाकून पळून जातो, आणि पुढे लष्कर बेनला शस्त्रासारखं वापरतं. चौघे एका घरात राहतच नाहीत, मग कुटुंब होणार कधी?

२०१९मध्ये डिस्नेने या चित्रपटांचे हक्क असलेली फॉक्स घेतली आणि हे घर पुन्हा डिस्नेच्याच मार्व्हलकडे, म्हणजे मूळ कॉमिक्सवाल्यांकडे आलं. जुलै २०२५मध्ये मॅट शॅकमनचा ‘फर्स्ट स्टेप्स’ आला. मी थिएटरमध्ये पहिल्या वीस मिनिटांतच रडले. साठचं दशक, गोलसर फर्निचर, रविवारचं एकत्र जेवण, आणि स्वयंपाकघरात खडकाचा बेन पदार्थ ढवळतोय! सू गरोदर आहे हे तिने सांगायच्या आत ओळखणारा तोच. घरातल्या माणसालाच हे कळतं. गॅलॅक्टस पृथ्वीच्या बदल्यात त्यांचं बाळ मागतो आणि रीड त्याचाही हिशेब मनात करून पाहतो, तेव्हा सूचा जो संताप होतो तो नवरा-बायकोचा खराखुरा संताप आहे. शेवटी तिघे पुरुष बाळाची सीट गाडीत बसवताना घामाघूम होतात, ते पाहताना माझ्या शेजारची आजी खळखळून हसली.

तरी एक सल राहिला. या घरात बेन फारच समजूतदार आहे. एबन मॉस-बॅकरॅकने त्याला माया दिली, पण त्याचं दुःख एक-दोन नजरांत उरकलंय. रीड त्याचं देणं लागतो हे मला कुठे टोचलं नाही. इतकी माणसं एका छताखाली राहतात आणि जुना हिशेब कधीच निघत नाही, असं घर मी तरी पाहिलेलं नाही.

मार्व्हलच्या ‘अॅव्हेंजर्स: डूम्सडे’ या चित्रपटात हे चौघे असणार हे जाहीर झालंय. तिथे गर्दी असेल, मारामारी असेल, रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा खलनायक डूम असेल. त्या गर्दीत मला फक्त दोन मिनिटं हवी आहेत. पहिल्या अंकातला तो ‘भित्रा’ शब्द ‘फर्स्ट स्टेप्स’मधली सू, म्हणजे व्हनेसा कर्बी, हिच्या तोंडून ऐकायचाय, आणि ती तो उच्चारत असताना कॅमेरा बेनच्या चेहऱ्यावर हवा.