म्हणे विष बाहेर पडतंय!

“केमोनंतरचा थकवा म्हणजे शरीरातलं विष बाहेर पडतंय. डॉक्टरांना सांगू नका, औषधं वाढवतील. पूर्ण आराम, गव्हांकुराचा रस, तीन वेळा गुळवेलीचा काढा आणि योगासनं. २१ दिवसांत फरक!” खाली ओळीने जोडलेले हात. हा मेसेज आमच्या आत्याला एकाच दिवसात तीन ग्रुपांवर आला. तिने तो मनावर घेतला म्हणून हे लिहायला बसलो.

तिची तिसरी केमो झाली होती. चार पोळ्या लाटताना दोनदा स्टुलावर टेकायची. विचारलं की, “काही नाही रे, विष निघतंय.” पुढच्या केमोआधी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७.६. डॉक्टर वैतागले, “अहो, आधी सांगायचं ना!” थकवा हिमोग्लोबिन कमी झाल्याने असतो, थायरॉइडमुळे असतो, झोप नसल्याने, दुखण्याने, उदासीनेही असतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे, पण पेशंटने तोंड उघडलं तर! आणि हे मेसेजवाले महाशय नेमकं तेच बंद करायला सांगतात.

पूर्ण आराम? नेमकं उलटं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, ‘अ‍ॅस्को’ने, २०२४ मध्ये याच थकव्यावर मार्गदर्शिका काढली. त्यात उपचार चालू असतानाही व्यायाम करा म्हटलंय. जोडीला समुपदेशन, माइंडफुलनेस म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर ठेवायचा सराव, आणि ताय-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम. हिमोग्लोबिन साडेसातवर असताना जिने चढा असं कोणी म्हणत नाही, किती चालायचं ते डॉक्टरांना विचारा. पण दिवसभर पलंगावर पडून अंगातली होती ती ताकदही जाते.

योगाचं, बरं, मान्य. त्याच मार्गदर्शिकेत उपचार संपल्यानंतरच्या थकव्यासाठी योगाचं नाव आहे. जिनसेंग या औषधी मुळीचंही आहे, उपचारादरम्यान. पण ते अमेरिकन जिनसेंग, टीव्हीवरच्या शक्तिवर्धक डब्यातलं नव्हे.

गुळवेलीबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने लोक काढे पीत होते, तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालय म्हणालं, ती खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. असेलही. मग आत्याच्या पातेल्यात उकळत होती ती कुठली, हे कोण सांगणार? केमोची कित्येक औषधं यकृतातूनच निचरतात. तिथले रिपोर्ट बिघडले की केमो पुढे ढकलावी लागते.

गव्हांकुराने हा थकवा जातो याला भक्कम पुरावा नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना गाडीवरचा कच्चा रस तर नकोच.

राहिले २१ दिवस. आत्याच्या दोन केमोंमधलं अंतरच २१ दिवसांचं! थकवा सहसा पहिल्या काही दिवसांत चढतो, मग हळूहळू उतरतो. काढा प्या नाहीतर उसाचा रस, तिसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटणारच. आणि तेवढ्यात पुढची केमो येते.