नऊ क्विंटल इतिहास

काल संध्याकाळी माझ्या घरातल्या इतिहासाचं वजन झालं. ९ क्विंटल १४ किलो. आकडा शेजारच्या काकाजींनी मोठ्यानं वाचला, फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांनी तो गावभर केला आणि आज सकाळी पानठेल्यावर पोचतो न पोचतो तोच एकानं विचारलं, "सर, मंग काय भावानं गेला?"

कारण विचाराल तर उधई, म्हणजे वाळवी. मागच्या खोलीच्या भिंतीतून ती आली आणि तिनं पेशव्यांपासून सुरुवात केली. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले; त्यातले जे थोडे माझ्याकडे आहेत, त्यांतल्या एकाचं तिनं चाळण केलं. औषध मारणारा आला, भिंतीला भोकं पाडून गेला आणि सगळी पुस्तकं बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीत आली. आलीच आहेत तर आता नीट विषयवार लावू, असं मी ठरवलं.

लावण्याची शास्त्रं आहेत, नाही असं नाही. ड्यूई साहेबांच्या दशांश पद्धतीत भारताचा इतिहास म्हणजे ९५४. माझं झाडून सगळं घर त्या एका आकड्यात बसतं, त्यामुळे प्रश्न जिथल्या तिथे राहतो. आपल्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला पाचवा असा की, ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. हा नियम मी बायकोपासून आजवर लपवून ठेवलेला आहे.

शेवटी राजवटींप्रमाणे ढीग घातले. वाकाटक सुखानं बसले. नंदिवर्धनची शाखा रामटेककडे, वत्सगुल्मची वाशिमात, सगळे घरचेच लोक. इमादशाहीचाही त्रास नाही. १४९० ला सुरू, अचलपूर राजधानी, १५७४ ला अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली, विषय संपला. अडलो ते वऱ्हाडच्या एका जुन्या इतिहासापाशी. पुठ्ठा सुटलेला, पानं बोट लावलं की तुकडा हातात येणारी. ते हातात घेऊन मी उभा होतो, हे नेमकं काकाजींनी भिंतीवरून पाहिलं.

"काहून उभे हा सर? इकाले काढला का माल?"

"विकायला नाही काकाजी. लावून ठेवतो आहे."

काकाजी भिंतीला वळसा घालून आत आले. पंचाहत्तरीचे असतील, पण दुसऱ्याच्या घरातली वस्तू पाहायची असली की त्यांचे गुडघे दुखत नाहीत. सगळ्या ढिगांभोवती त्यांनी एक फेरी मारली, एका खंडात हात घालून पानं चुरगाळून पाहिली आणि विचारलं, "किती वर्साचा हाय?"

"चाळीसेक वर्षांपासूनचा."

"चाळीस वर्सं घरात ठुवला?" त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. "आमचा तं होळी लागली का दम निंगत नाई. भाव कवा येईन म्हंता?"

"याला भाव नसतो, काकाजी."

"असं नोका म्हनू. भाव येतेच, थांबा लागते. कापूस घरात वाळते, वजनात मार खाते. हा घटते का?"

खरं सांगणं हा मास्तरकीचा रोग. मी म्हणालो, "उलट पावसाळ्यात दमट होऊन थोडा वाढतो."

"मंग आता नोका इकू," ते हळू आवाजात म्हणाले. "जुलैत काढा."

विषय बदलावा म्हणून मी हातातलं पुस्तक पुढे केलं. म्हटलं, अडचण अशी आहे की हे कुठल्या ढिगात ठेवू ते कळत नाही. १८०३ साली इंग्रजांनी अडगावला आणि गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांना हरवलं, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला. मग हे भोसल्यांत ठेवू की निजामात? पुढे १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. म्हणजे इंग्रजांत? १९०२ मध्ये करार झाला की वर्षाला २५ लाख रुपये घ्या आणि वऱ्हाड कायमचं आमच्याकडे राहू द्या. दुसऱ्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं.

काकाजी पायरीवर बसले. "म्हंजे मक्त्यानं देल्लं."

"हो, तसंच."

"पंचवीस लाख साऱ्या वऱ्हाडाचे? एकरी किती पडले मंग?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शेजारी पडलेल्या सरदेसायांच्याच 'मराठी रियासती'च्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत भागाकार झाला होता. ते पान आता तसंच राहणार. काकाजी उत्तराकडे बघत म्हणाले, "लुटलं निजामाले." या माणसाला निजामाची कणव आलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"आनं नाव कोनाचं राह्यलं?"

मी सांगितलं की नाव निजामाचंच राहिलं. १९३६ मध्ये तर त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, असा किताबही दिला.

"झालं तं मंग! वहिवाट इंग्रजाची, सातबाऱ्यावर नाव निजामाचं. ज्याचा सातबारा, त्याच्या खान्यात ठुवा. कायले इचार करता इतका?"

ड्यूई आणि रंगनाथन दोघांनाही जमलं नव्हतं ते पायरीवर बसून सुटलं, म्हणून मला रागच आला. मी मुद्दाम पुढचं सांगितलं. विदर्भाला मराठी राज्यात घेण्याचा १९५३ चा नागपूर करार, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. काकाजींनी बोटांवर मोजत नाव न नाव ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे साऱ्यायनं इकडून तिकडंच ठुवलं आपल्याले. धरून कोनी नाई ठुवलं." आणि लगेच पोराला हाक मारली, "अबे, काटा आन!"

कापूस मोजायचा लटकता काटा आला. मी नको म्हटलं. "पाहून तं ठुवा, माहीत असलेलं बरं," म्हणत बापलेकांनी बायकोची चादर पसरली. ती चादर बायकोनंच काढून दिली, हे इथे नमूद करून ठेवतो. प्रत्येक गाठोडं वीस किलोचं व्हावं म्हणून काकाजी इकडचं तिकडे टाकत होते. यादवांची तूट त्यांनी औरंगजेबानं भरून काढली. दोन दिवस घातलेले माझे ढीग तासाभरात मोडले. वऱ्हाड-नागपूरचा ढीग मात्र पुरा दोन गाठोडीही भरेना. "आपला इतलाच?" त्यांनी विचारलं.

इतकाच. पुण्यात कोण कोणत्या वाड्यातून कोणत्या वेळी निघालं यावर माझ्याकडे हातभर पुस्तकं आहेत; बख्त बुलंद शाह या गोंड राजानं १७०२ साली नागपूर वसवलं, त्याच्यावर शोधून शोधून जे मिळालं ते एका हातात मावतं. दोष कोणाला द्यायचा? आम्ही लिहिलं नाही, जे लिहिलं गेलं ते पुन्हा छापलं नाही, आणि छापलेलं ठेवायला जागा नाही. मध्यंतरी मी ही सगळी पुस्तकं तालुक्याच्या एका वाचनालयाला फुकट द्यायला निघालो होतो. तिथल्या माणसानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "यात स्पर्धा परीक्षेचं काय आहे?" मी म्हटलं, इतिहास आहे, परीक्षेत येतो. तो म्हणाला, "एवढा नाही येत." १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे. ते किती आणि कधी मिळतं हे त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून भांडलो नाही. भांडायला हवं होतं.

असो. आज दुपारी झोपून उठलो तर फाटकात काकाजींचा ट्रॅक्टर. मागची खोली भरत होती. कापूस. बायको म्हणाली, "खोली रिकामीच होती. नुकतंच औषधही मारलेलं आहे, नाही कसं म्हणणार?" घरात कापूस ठेवला की त्यातल्या बारीक किड्यांनी अंगाला कशी खाज सुटते, हे तिलाही माहीत आहे. माझं ९५४ सपरीत ताडपत्रीखाली आहे आणि वऱ्हाडचा इतिहास फ्रिजवर.

आवाज शक्य तितका मऊ करून मी काकाजींना विचारलं, कापूस कधी काढणार म्हणून.

"घाई नाई सर," ते म्हणाले. "तुमचा माल गेला का माहा काढतो."