योगायोग असेलही, पण पाटी वाचायची कोणी?

काल भावाबरोबर टॉप गियरचा, म्हणजे बीबीसीच्या गाड्यांवरच्या शोचा, पॅटागोनियावाला एपिसोड परत बघितला आणि आमचं परत तेच भांडण झालं. त्याचं म्हणणं, एका नंबर प्लेटवरून अर्जेंटिनावाल्यांनी राईचा पर्वत केला. मला नाही पटत, अजिबात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१४ मधे जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे शोचे तिघं होस्ट तीन व्ही-एट (आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या) गाड्या घेऊन अर्जेंटिनाच्या पार दक्षिण टोकाला, उशुआयाला गेले होते. क्लार्कसनच्या पोर्शे ९२८ ची पाटी होती एच ९८२ एफकेएल. आता हे नुसतं मोठ्याने वाचा, ९८२ आणि एफकेएल. १९८२, फॉकलंड. म्हणजे फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनात युद्ध झालं ते वर्ष आणि ती बेटं. पाटी बघून तिथले लोक भडकले आणि शेवटी शोच्या क्रूवर दगडफेक झाली.

बीबीसी म्हणाली निव्वळ योगायोग, गाडीला आधीपासून हाच नंबर होता. ते खरं असू शकतं, कारण ब्रिटनमधे नंबर सहसा गाडीबरोबरच राहतो आणि सुरुवातीचा एच म्हणजे गाडी १९९०-९१ मधे रजिस्टर झालेली, तेव्हा तर हा शो असा नव्हताच. मान्य. पण आपण रस्त्यावर २१४ दिसला की राम वाचतो, ८०५५ दिसला की बॉस वाचतो आणि तोच नंबर मिळावा म्हणून आरटीओत जास्तीचे पैसे भरतो, मग त्या लोकांनी आपलं दुःख त्या पाटीवर वाचलं तर त्यांना वेडं कसं म्हणायचं?

आणि गाव कुठलं तर उशुआया! ज्या प्रांताची ही राजधानी, तो प्रांत फॉकलंडला, म्हणजे त्यांच्या माल्विनासला, आपलाच भाग मानतो. जनरल बेलग्रानो ही युद्धनौका शेवटची निघाली ती इथूनच, २६ एप्रिल १९८२ ला. २ मेला ब्रिटिश पाणबुडीने ती बुडवली, ३२३ माणसं गेली. सगळ्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ गेले, म्हणजे जवळजवळ निम्मे त्या एका बोटीवरचे. ब्रिटनचेही २५५ सैनिक गेले, त्यांच्या घरच्यांनाही तो आकडा आयुष्यभर पुरलाय. त्या गावात युद्धात लढलेली माणसं हॉटेलवर येऊन जाब विचारतात तर ती ऐकून घ्यायची गोष्ट आहे.

हाच शो २०११ मधे मुंबईत डबेवाल्यांशी शर्यत लावून गेला होता आणि त्याच एपिसोडमधे क्लार्कसनच्या जॅग्वारच्या डिकीवर कमोड बसवलेला होता, आपल्या हायकमिशनने तक्रार केली होती. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाताना काय बघून जायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं असं नाही ना. शूटिंगच्या आधी एवढी माणसं त्या गाडीभोवती फिरली असतील, एकानेही ती पाटी उशुआयातल्या माणसाच्या डोळ्याने वाचू नये?

पण दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही, कधीच. तिघं होस्ट विमानाने निघून गेले होते. वाटेतल्या तोल्हुइन गावात काचा फुटल्या त्या मागे राहिलेल्या क्रूच्या, ज्यांचं नावही आपल्याला माहीत नाही. पाटी त्यांच्यातल्या बहुतेकांनी निवडली नव्हती, आणि तिन्ही गाड्या रस्त्यात टाकून, जीव मुठीत धरून चिलीची बॉर्डर गाठायची वेळ मात्र त्यांच्यावर आली.