‘चोचले’ या एका शब्दापुरतं

तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भलतंच काही लिहून बसले असते, म्हणून आधी कुकर लावला, सासूबाईंना औषध दिलं, मग बसले. सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन मी रोज रात्री ऑनलाइन गटात मोडी वाचते, त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘ताई, हे पोट भरलेल्यांचे चोचले. अनोळखी लोकांशी गप्पा मारायला रजा कशाला? नवऱ्याचा पगार असेल. रजा संपली की हे टिकणार का? मंडळ पुण्यातच आहे, तिथे जा. आणि त्याची स्थापना १९१० ची, १९२० ची नव्हे.’

सालाची चूक मान्य. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चंच. दुरुस्त केलंय, आभार.

आता चोचले. ‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि लगेच माझं पोट मोजायचं, ही कुठली रीत? एकोणीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलीत मी. वडील गावात कोतवाल होते. आजोबांचा मोडीतला एक दस्त त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपला. वाचून देणाऱ्याने पैसे मागितले, ते नव्हते. तो दस्त न कळताच ते गेले. चोचले करणाऱ्यांच्या घरी असं असतं का? तुमच्याकडे असेल, माहीत नाही. फोटोच्या जागी तर मोरपीस आहे.

आणि ‘गप्पा’! मागच्या आठवड्यात एका पत्राच्या सालावर आम्ही तीन रात्री भांडलो. ‘सलास सितैन’ की ‘सलास तिसैन’? नुसती स-त ची अदलाबदल. सलास म्हणजे तीन, पण सितैन म्हणजे साठ आणि तिसैन म्हणजे नव्वद. सुहूर सन (जुन्या मराठी कागदांत अरबी आकड्यांच्या नावांनी लिहायचं साल) ११६३ की ११९३, म्हणजे आपलं १७६२-६३ की १७९२-९३. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यात नेमका तिथेच कागद भिजून शाई फुटलेली. मी सितैनवर अडून बसले. गटात तंजावरचे एक गृहस्थ आहेत, सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद बघून बघून नजर तयार झालेली. ते शांतपणे म्हणाले, ‘खाली पाटीलबावांचा मुक्काम वानवडीस आहे, ते वाचा की.’ पाटीलबावा म्हणजे महादजी शिंदे. ते पुण्याला आले जून १७९२ मध्ये आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीलाच वारले. गेलं माझं सितैन! त्या रात्री मला झोप लागेना, आनंदाने. बँकेत दिवसभर माणसांतच असते मी, पण तिथलं बोलणं केवायसी, लॉकर आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ याच्या पुढे जात नाही. चुकीचं वाचलं म्हणून कुणी तीन रात्री माझ्याशी वाद घातलाय, असं एकोणीस वर्षांत झालं नव्हतं.

मंडळात जायला दिवसाची वेळ लागते, आणि दिवसा सासूबाईंचा पाय असतो. ऑपरेशन झालंय त्यांचं. हे मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण तुम्हाला सांगायची गरज वाटली नव्हती. नवऱ्याचा पगार आणि रजेनंतरचं काय ते आमचं आम्ही बघू.

पुन्हा कुठे साल चुकलं तर जरूर कळवा. ‘ताई’ नको.