लेडी की पोंगो? माझं मत पोंगोला

दादाचं आणि माझं हे भांडण कॅसेट लायब्ररीच्या काळापासूनचं. शनिवारी दोन व्हिडिओ कॅसेट आणायच्या, सोमवारी सकाळी परत करायच्या. त्याची ठरलेली 'लेडी अँड द ट्रॅम्प', १९५५ची. माझी 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स', १९६१ची. दोन्ही डिस्नीच्या, दोन्हींत कुत्री, दोन्हींच्या शेवटी नाताळ. पहिल्यात घरात वाढलेली लेडी आणि भटका ट्रॅम्प, दुसऱ्यात डाल्मेशियन पोंगो, त्याची जोडीदारीण पर्डिटा आणि त्यांची पंधरा पिल्लं. गेल्या आठवड्यात दोन्ही पुन्हा पाहिले, सलग दोन रात्री, आणि आता लिहूनच टाकते.

आधी दादाच्या बाजूचं काय ते मान्य करते, म्हणजे नंतर त्याची कुरकुर नको.

'लेडी' दिसायला जास्त देखणा आहे. सिनेमास्कोपमध्ये काढलेला हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट, आणि त्या रुंद पडद्यावर त्यांनी घर दाखवलंय ते कुत्र्याच्या उंचीवरून. माणसं म्हणजे बहुतेक वेळा बूट, स्कर्टची किनार, वरून येणारा एखादा हात. मालक-मालकिणीची नावं तर मला फार आवडतात: 'जिम डियर' आणि 'डार्लिंग'. नवरा-बायको एकमेकांना तशी हाक मारतात म्हणून लेडीला वाटतं तीच त्यांची नावं! हे ज्याला सुचलं त्याला कुत्रं कळलं होतं.

स्पॅगेटीचा प्रसंग तर सगळ्यांनाच माहीत आहे. वॉल्ट डिस्नीला मात्र तो नको होता. दोन कुत्री एकाच शेवयीची दोन टोकं चघळतायत, हे हास्यास्पद दिसेल असं त्याला वाटत होतं. फ्रँक थॉमस या ॲनिमेटरनं तो प्रसंग काढूनच दाखवला, तेव्हा कुठे तो राहिला. दादा म्हणतो, चुंबन महत्त्वाचं. मला विचाराल तर त्यानंतर ट्रॅम्प शेवटचा मीटबॉल नाकानं तिच्याकडे ढकलतो, ते जास्त.

पण दोन गोष्टी मला आता खटकतात. एक त्या सयामी मांजरी. तिरके डोळे, मोडकं इंग्रजी, मुद्दाम काढलेला 'चिनी' सूर. लहानपणी त्यांच्या गाण्यावर मी आरशासमोर नाचायचे, आता बघवत नाही. (त्यांचा आवाज गायिका पेगी लीचा. सिनेमातल्या गाण्यांतही तिचा मोठा हात. आम्ही भाड्यानं आणायचो त्याच व्हिडिओ कॅसेटच्या पैशांवरून तिनं १९८८ साली डिस्नीवर दावा लावला, आणि जिंकलीही.)

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. या सिनेमात कुत्र्याची किंमत गळ्यातल्या पट्ट्यावर ठरते. पट्टा आणि बिल्ला असेल तर तुम्ही कुणाचे तरी. नसेल तर कुत्रे पकडायची गाडी. त्या कोंडवाड्यात एका कुत्र्याला घेऊन जातात, भिंतीवर फक्त सावली सरकते, दार बंद होतं आणि बाकीचे गप्प होतात. एवढं थेट दाखवण्याची हिंमत ज्या सिनेमात आहे, तोच शेवटी ट्रॅम्पला काय देतो? पट्टा. टेकडीवरून लेडीला कुंपणापलीकडचं जग दाखवणारा हा गडी दिवाणखान्यात पिल्लं सांभाळत बसतो, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. कोंडवाड्यात राहिलेल्यांचं पुढे काय झालं, ते कुणी विचारत नाही.

आणि ट्रस्टी! तो म्हातारा ब्लडहाउंड खरं तर त्या गाडीखाली मेलेला असतो. पाऊस, उलटलेली गाडी, लेडीच्या शेजारच्या जॉक या कुत्र्याचं मान वर करून रडणं, सगळं त्याच हिशेबानं रचलंय. पेगी लीनंच वॉल्टकडे रदबदली करून त्याला वाचवलं असं सांगतात. नाताळला महाराज पायाला प्लास्टर घालून हजर. मी सुटकेचा श्वास टाकते, पण फसवल्यासारखंही वाटतं.

आता माझा सिनेमा.

त्याआधी १९५९ साली 'स्लीपिंग ब्यूटी' आला होता. वर्षानुवर्षं चाललेलं काम, अफाट खर्च, आणि पैसे काही परत येईनात. ठिपक्यांची शंभरेक कुत्री त्या जुन्या पद्धतीनं काढणं अशक्यच होतं. तेव्हा डिस्नीच्या अब आयवर्क्सनं झेरॉक्सचं तंत्र ॲनिमेशनसाठी बसवलं. पूर्वी ॲनिमेटरच्या पेन्सिलीच्या चित्रावर सेल, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा ताव, ठेवून शाईकाम करणाऱ्या बायका प्रत्येक रेघ हातानं पुन्हा काढायच्या. आता ते चित्र थेट सेलवर उमटू लागलं. त्यात त्या बायकांपैकी कितीतरी जणींचं काम गेलं, हेही लिहायला हवं. पण अख्ख्या पूर्ण लांबीच्या सिनेमात प्रथमच ॲनिमेटरची स्वतःची रेघ दिसली: खरखरीत, कुठे दुहेरी, कुठे अर्धवट पुसलेली. वॉल्टला ती अजिबात आवडली नाही. मला विचाराल तर या सिनेमाचा जीव त्या रेघेतच आहे. लंडनची ती धुरकट घरं, पोंगोचा मालक रॉजर, त्याच्या पियानोवरचा पसारा, सगळं कुणीतरी आत्ताच काढून ठेवल्यासारखं वाटतं.

ठिपके किती? डिस्नीचा आकडा ६४,६९,९५२. पोंगोच्या अंगावर ७२, पर्डिटाच्या ६८, प्रत्येक पिल्लावर ३२. मी मोजायला बसले होते एकदा, चौथी-पाचवीत. पॉज केल्यावर पडद्यावर पट्टे यायचे, नाद सोडला.

पिल्लांच्या कातड्याचा कोट हवा असलेल्या क्रुएलाबद्दल वेगळं काय लिहू? मार्क डेव्हिस या ॲनिमेटरनं तिला एकहाती हलवली. ती नुसती खोलीत शिरत नाही, खोलीचा ताबा घेते, आणि गेल्यावरही तिचा तो पिवळा-हिरवा धूर मागे रेंगाळतो. ट्रॅम्पच्या गोष्टीत खलनायक म्हणावा असा कुणी नाहीच. एक उंदीर आणि त्या मांजरी घेऊन येणारी एक सारा आत्या.

पण माझं मत पोंगोला जातं ते संध्याकाळच्या भुंकण्यामुळे. पिल्लं चोरीला गेलीत, स्कॉटलंड यार्डनं हात टेकलेत. पोंगो प्रिमरोज हिलवर जाऊन भुंकतो. हॅम्पस्टेडचा ग्रेट डेन ते ऐकतो, पुढे पाठवतो, आणि निरोप गल्लीबोळांतून खेड्यापर्यंत जातो. तिथे कर्नल नावाच्या ऐकू कमी येणाऱ्या मेंढपाळ कुत्र्याकडे पोचेपर्यंत त्याचा पार कचरा झालेला, 'पंधरा ठिपकेवाली डबकी चोरीला'! मग मांजर, घोडा, गोठ्यातल्या गाई, ज्याला जे जमेल ते तो करतो. पंधरा शोधायला गेले आणि नव्व्याण्णव सापडली, तर कुणी म्हणत नाही की बाकीची आपली नव्हेत. पट्टा कुणाच्या गळ्यात आहे आणि कुणाच्या नाही, हा प्रश्नच उठत नाही.

आमच्या सोसायटीत रात्री दीडला कोपऱ्यावरचं कुत्रं सुरू होतं, मग नाल्यापलीकडचं, मग आमच्या पार्किंगमधली चिंगी. लोक खिडक्या आपटतात. मी पडल्या पडल्या निरोप काय असेल याचा अंदाज करते.

माझ्या सिनेमालाही एक डाग आहे. १९९६ला त्याचाच खऱ्या माणसांचा आणि खऱ्या कुत्र्यांचा सिनेमा आला आणि अमेरिकेत लोकांनी मुलांच्या हट्टापायी डाल्मेशियन घेतले, मग झेपत नाहीत म्हणून आश्रमांत नेऊन सोडले. पळायला मैदान लागणारं, दमता दमत नाही असं जनावर, फ्लॅटमध्ये कोंडल्यावर काय होणार? आपल्याकडे मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघरी धापा टाकणारे पग दिसू लागले, त्यातलाच प्रकार.

दादाचं म्हणणं, मी चिंगीमुळे पक्षपाती झालेय. असेनही. त्याच्याकडे कागदपत्रांसकट आणलेला बीगल आहे, तोही काही कमी पक्षपाती नाही. येत्या रविवारी दोघं जेवायला येतायत. स्पॅगेटी करणार आहे. एकच मीटबॉल जास्तीचा ठेवलाय, बघू कोण कुणाकडे ढकलतं.